हजार टन आणि एक पाऊल

प्रल्हादरावांच्या सुजाताचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या बॅचला जडत्व शिकवत होतो. निवृत्त झालो तरी शिरूरच्या घरी पुढच्या खोलीत बारावीचा क्लास घेतो. गुडघे साथ देत नाहीत म्हणून आता बसूनच शिकवतो आणि फळ्यावर लिहायला मुलांना उठवतो. क्लास चालू असताना फोन घ्यायचा नाही हा नियम माझाच, म्हणून दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा घेतला. "काका, पप्पा गेले," ती म्हणाली, आणि मग पलीकडून नुसता एक मालगाडी जाण्याचा आवाज येत राहिला. गाडी लांबलचक असावी. ती पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघंही फोन कानाला लावून होतो. आमच्या वयाला अशा फोनची सवय झालेली असते, पण हा फोन मला इतक्यात येईल असं वाटलं नव्हतं... मुलांना घरी जायला सांगितलं आणि चपला शोधू लागलो.

शिरूरहून दौंडला जायचं म्हणजे आधी न्हावऱ्यावरून चौफुल्याला यायचं, तिथून वरवंड, पाटस आणि मग दौंड. उसाच्या ट्रॉल्यांमागून बस रांगत होती. चाळीस वर्षांत हा रस्ता मी इतक्या वेळा केला की कुठं खड्डा येणार हे कमरेला आधीच कळतं. पूर्वी या प्रवासाचा कंटाळा येत नसे, कारण शेवटी प्रल्हादराव स्कूटर घेऊन स्टँडवर उभे असायचे. त्या दिवशी कुणीच नव्हतं, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लक्षात आलं की मला त्यांचा पत्ता नीट माहीतच नाही. लाईनच्या बाजूला, पांढरी टाकी असलेलं घर, एवढंच सांगता आलं.

प्रल्हादराव म्हणजे निवृत्त लोको पायलट. ते स्वतः मात्र शेवटपर्यंत 'डायवर' म्हणायचे. मूळचे कासुर्डीचे. घराण्यातले पहिले मॅट्रिक, पहिले नोकरदार, आणि आई-वडिलांना गाडीच्या पहिल्या डब्यात बसवून स्वतः इंजिनात चढलेले तर बहुधा अख्ख्या गावात पहिले. मी दौंडच्या शाळेत नवा नवा लागलो होतो तेव्हा आम्ही एका भिंतीचे शेजारी होतो. ते तेव्हा असिस्टंट होते आणि खात्यातल्या परीक्षेसाठी अभ्यास करत होते. एका संध्याकाळी 'जयभीम मास्तर' म्हणत दारात आले. हातात पुस्तक, त्यात बोट घातलेलं. म्हणाले, "हे गतिज ऊर्जा काय प्रकरण हाय? पाठ झालंय, पर कळलं न्हाई."

मी तेव्हा तरुण आणि फार उत्साही होतो. अर्धा एम व्ही स्क्वेअर लिहून दाखवलं आणि सांगितलं की वजन दुप्पट झालं तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. त्यांनी बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "वजनाचं बरूबर हाय. भरलेली मालगाडी असली की ब्रेक लावताना पाठीत कळतं, मागनं कुनीतरी दोन्ही हातांनी ढकलतंय. पर वेगाचं चौपट कसं?" मला उत्तर देता आलं, पण पाठीत कळणं म्हणजे काय ते मला कधीच कळलं नाही. त्या दिवसापासून आमच्यात एक वाटणी होऊन गेली. ऊर्जा त्यांनी पाठीनं मोजायची आणि मी कागदावर. त्यांनी मला मास्तर म्हणायचं आणि मी त्यांच्या परीक्षेआधी त्यांना छळायचं. एकक लिहिलं नाही तर मी पूर्ण गणित चूक धरत असे. ते आपल्या बायकोला, शोभावहिनींना, सांगायचे, "साहेबाची भीती न्हाई वाटत, मास्तरची वाटती."

पुढं मी बदलून शिरूरला आलो, कॉलेजात लागलो, पण हे खूळ सुटलं नाही. पेपरात कुठल्याही देशातल्या वेगवान गाडीची बातमी आली की दुपारी फोन ठरलेला. "मास्तर, सातशे टन, तीनशेवीसचा स्पीड. काढा." मी काढत असे. आकडा सांगितला की त्यांचं समाधान होत नसे. त्या आकड्याचं काहीतरी दिसलं पाहिजे. म्हणून मी त्याचं उकळतं पाणी करून देत असे. ती तीनशेवीसची गाडी थांबवायची तर तिच्यातली ऊर्जा कुठंतरी जायला हवी; तिची सगळी उष्णता केली तर पाण्याचा जवळपास एक टँकर उकळेल. मग आपली दौंडवरून जाणारी गाडी, हजार टन धरू, ताशी एकशेतीस... गच्चीवरची दोन हजार लिटरची टाकी उकळेल. "आन् ते सगळं ब्रेकात जातं," ते म्हणायचे, आणि फोन ठेवायचे. मला तो खेळ वाटायचा. त्यांना काय वाटत होतं ते मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या लाईनवरचा वेग एकशेदहावरून एकशेतीस झाला. पेढे वाटावेत अशी गोष्ट. त्यांनीही उत्साहानं फोन केला आणि 'काढा' म्हणाले. मी काढलं. वेग वाढला अठरा टक्के, ऊर्जा वाढली चाळीस टक्के. आणि मग मी त्यांना माझं आवडतं गणित सांगितलं, जे मी वर्गात जादूच्या प्रयोगासारखं सांगत असे. दोन गाड्या शेजारी शेजारी, एक एकशेदहानं आणि एक एकशेतीसनं. दोघींनी एकाच जागी, सारख्याच जोरानं ब्रेक लावले. एकशेदहाची गाडी जिथं पूर्ण थांबते, त्याच जागी दुसरी गाडी अजून कितीनं धावत असते? मुलं सांगतात वीस. खरं उत्तर आहे जवळजवळ सत्तर. प्रल्हादराव फोनवर म्हणाले, "सत्तर?" मी म्हणालो, सत्तर. "हे मास्तर, लोकांना कुनी सांगितलंय का?" मी हसलो. मला त्या प्रश्नातलं काहीच कळलं नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी ते झालं.

दौंडच्या पुढं एका वळणानंतर लाईनच्या एका बाजूला वस्ती आहे आणि दुसऱ्या बाजूला त्यांची रानं. मधून पायवाट, रूळ ओलांडून जाणारी. फाटक तिथं कधी नव्हतंच. वस्तीवरच्या माणसांचा एक अंदाज पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. इंजिन वळणावर दिसलं तरी डोक्यावर भारा घेऊन सावकाश पलीकडं जाता येतं. अंदाज चुकीचा नव्हता. तो जुन्या वेगाचा होता, एवढंच. आणखी एक गोष्ट तिथली माणसं धरून चालत. हॉर्न वाजला म्हणजे ड्रायव्हरनं आपल्याला पाहिलं. आता तो सांभाळून घेईल. आणि ड्रायव्हर लोक काय धरून चालत? हॉर्न वाजवला म्हणजे माणसानं ऐकलं. आता तो थांबेल. दोन्हीकडची माणसं एकाच आवाजावर भरवसा ठेवून होती आणि इतकी वर्षं तो भरवसा कसाबसा निभावला होता.

भागाबाई नावाची एक म्हातारी घासाचा भारा घेऊन रुळाच्या कडेला उभी होती. प्रल्हादरावांनी तिला वळण संपताच पाहिलं, अंदाजे चारशे मीटरवर. त्यांनी जे जन्मभर केलं तेच केलं, आधी हॉर्न. मग दोन-चार सेकंद बघायचं. माणूस बाजूला झाला नाही तरच ब्रेक. दर कोसाला कुणीतरी रूळ ओलांडत असतं. प्रत्येकाला ब्रेक मारत बसलं तर सोलापूर दिसायचं नाही, असं ते म्हणायचे, आणि सगळे ड्रायव्हर तसंच करायचे. भागाबाईनं हॉर्न ऐकला, हात वर केला, कळलं म्हणून सांगतात तसा, आणि रुळावर पाय ठेवला. तिच्या अंदाजानं वेळ भरपूर होता. प्रल्हादरावांनी मग ब्रेक मारला. ती जवळजवळ पलीकडे पोचली होती. एक पाऊल राहिलं होतं.

चौकशी झाली. त्यांच्यावर काही ठपका आला नाही. येण्यासारखं नव्हतंच. पण दीड महिन्यानं ते शिरूरला आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही म्हटलं तरी चालेल. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसे तासभर भलतंच बोलत राहिले. सुजाताचा अभ्यास, कासुर्डीचं घर, माझे गुडघे. मग एकदम म्हणाले, "मास्तर, एक गणित हाय. मी हॉर्नच्या जागी ब्रेक मारला असता, पहिल्या झटक्याला, तर गाडी थांबली असती का?"

मी कागद घेतला. हजार टन, एकशेतीस, चारशे मीटर. ऊर्जा काढली, ब्रेक किती ऊर्जा खातील ते काढलं. गाडी थांबायला आठशे मीटर लागली असती. चारशेवर तिचा वेग अजून नव्वदच्या वर असता. मी कागद त्यांच्यापुढं धरला आणि माझ्या आयुष्यात कुठलंही उत्तर इतक्या समाधानानं सांगितलं नसेल. "प्रल्हादराव, थांबली नसती. तुम्ही काहीही केलं असतं तरी थांबली नसती." ते ओळन्‌ओळ वाचत गेले. एककं तपासली. शेवटी म्हणाले, "सही करा." मी हसलो, तर ते हसले नाहीत. "रेल्वेत बिनसहीच्या कागदाला अर्थ नसतो, मास्तर." मी सही केली, खाली तारीख घातली. त्यांनी घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. बायको मला आतून खुणावत होती की बघा, कसे जेवतायत.

आता जे सांगायचं राहिलंय ते सांगतो.

पंधरा-वीस दिवसांनी मी तेच गणित नाव-गाव काढून क्लासला घातलं. गाडी थांबेल का? सगळ्यांनी काढलं, थांबणार नाही. मी शाबासकी देऊन पुढं जाणार, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "सर, पण गाडी उशिरा पोचली असती ना?" मी म्हणालो, म्हणजे? "म्हंजी थांबली नसती, पण तिथं यायला जास्त वेळ लागला असता. तवर ती बाई पलीकडं गेली असती का, ते बघायला पायजे ना?"

मी तिला बस म्हणालो. त्या दिवशी मुलांना लवकर सोडलं आणि एकटा बसून दुसरं गणित केलं, जे मला त्या दुपारीच सुचायला हवं होतं. ऊर्जेच्या मागं लागून मी वेळ विसरलो होतो. चार सेकंद आधी ब्रेक लागला असता तर गाडी त्या जागी किती उशिरा आली असती? ब्रेक लगेच पकडले असं धरलं तर सव्वा सेकंदाच्या आसपास. पकडायला वेळ लागला असं धरलं तर पाऊण सेकंद. मी चार-पाच तऱ्हांनी धरून पाहिलं. कसंही धरलं तरी ते शून्य येईना. आणि म्हाताऱ्या माणसाला एक पाऊल टाकायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

मी हे प्रल्हादरावांना सांगितलं नाही. पहिल्यांदा ठरवलं की समक्ष सांगू. मग ठरवलं की ते निवृत्त झाल्यावर सांगू. मग वाटलं, कशाला? म्हातारी परत येणार आहे का? माझ्या कागदावरचं एकही वाक्य खोटं नव्हतं. गाडी खरंच थांबली नसती. पण मी गणित सोयीच्या जागी थांबवलं होतं आणि वर सही केली होती. मुलांनी असं अर्धं गणित आणून दिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. त्यानंतर प्रल्हादराव बोलता बोलता कधी त्या कागदाकडं वळले की मी चहाचं, पावसाचं, कशाचंही काढत असे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

निवृत्तीनंतर ते जवळजवळ रोज सकाळी त्या वस्तीवर जाऊन उभे राहू लागले. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या खात्याचं काम नव्हतं. रानात निघालेल्या माणसांना थांबवायचं आणि सांगायचं की बाबांनो, वळणाचा अंदाज आता धरू नका. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. पहिल्या दिवशी तिथं जायला त्यांचे पाय उचलत नव्हते, असं वाटेत म्हणाले. भागाबाईच्या जावेनंच त्यांना ओट्यावर बसवलं होतं आणि म्हणाली होती, "ती रोज तशीच जायाची. तुम्ही काय करनार, आबा." एक म्हातारा मात्र ऐकेना. "आम्ही हितंच जन्मलो, आमाला शिकवू नगा. तुमची गाडीच लई माजलीय." प्रल्हादराव शांतपणे म्हणाले, "व्हय, माजलीय. म्हनूनच सांगतोय. हॉर्न वाजला म्हंजी डायवरनं बघितलं, येवढाच त्याचा अर्थ. त्याच्या हातात गाडी ऱ्हात न्हाई." म्हातारा पुटपुटत गेला, पण रुळाशी थांबला, मान वळवून दोन्हीकडं पाहिलं आणि मगच गेला. आम्ही परत आलो. ऊन फार होतं. स्कूटरवर मागं बसल्या बसल्या मला सांगून टाकावंसं वाटलं, आणि दौंडची वेस आली.

त्यांची मुलगी सुजाता असिस्टंट लोको पायलट म्हणून निवडली गेली तेव्हा मला वाटलं होतं ते नको म्हणतील. पण ते नको म्हणाले नाहीत. या वर्षी त्यांचं हृदय दोनदा कुरकुरलं, तिसऱ्यांदा थांबलं. सकाळी पेपर वाचता वाचता गेले. जलदान विधीला वस्तीवरून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. त्यात तो भांडखोर म्हातारा मंडपाच्या कडेला टोपी हातात घेऊन बसला होता. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

मागच्या रविवारी पुन्हा दौंडला गेलो. खरं सांगायचं तर सांत्वनाला गेलो नव्हतो. अंगातलं त्राण कमी होत चाललंय, आणि ही एक गोष्ट कुणाच्या तरी ओटीत टाकल्याशिवाय मला मरायचं नव्हतं. शोभावहिनी आत चहा करत होत्या. सुजाता ड्युटीवर निघायच्या तयारीत, बुटाची नाडी बांधत होती. मी म्हणालो, "सुजाता, त्या अपघाताचं गणित मी तुझ्या पप्पांना करून दिलं होतं ना... त्यातली एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही."

तिनं नाडी बांधता बांधताच विचारलं, "गाडी उशिरा आली असती, ती?"

ती उठून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढं धरले, समोर इंजिनातलं टेबल असावं तसे. "पप्पांनी मला सांगितलंय, काका. मानूस दिसला की एक हात हॉर्नवर, दुसरा ब्रेकवर, एकदमच. आधी एक मग दुसरं, असं करायचं न्हाई. गाडी थांबत नसती, पर उशीर व्हतो. तेवढ्यात मानूस एक पाऊल टाकतो. गेल्या महिन्यात आमच्या गाडीसमोर एक जोडपं आलं तवा मी अन् माझ्या डायवर साहेबांनी तसंच केलं. वाचली दोघं." तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, कामातली गोष्ट सांगावी तसं.

"हे कधी सांगितलं त्यांनी?"

"मी ट्रेनिंगला निघाले त्याच्या आदल्या दिवशी. म्हनले, हे मला सहीच्या कागदावर कुनी दिलेलं न्हाई, माझं मीच काढलंय."

ती गेली. मी बसून राहिलो आणि दिवस जुळवले. ट्रेनिंगला ती दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतरच्या आठवड्यात प्रल्हादराव पेढे घेऊन शिरूरला आले होते. निघताना स्कूटरला किक मारायच्या आधी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "मास्तर, तुमच्या त्या कागदानं मला झोप लागती बरं का. लई मोठं काम केलं तुम्ही." मी पेढ्यांचा पुडा धरून खाली बघत उभा होतो. माझी मान का खाली गेली ते त्यांना तेव्हा पक्कं ठाऊक होतं.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी त्यांना विचारलं, "रिटायर झाल्यावर त्यांना झोप तरी शांत लागायची ना?"

"झोप?" वहिनी म्हणाल्या. "त्या अपघातापास्नं धड अशी कवाच न्हाई, भाऊजी. कुनी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांनीच."

"तुम्हाला तसं सांगितलं व्हय," त्या म्हणाल्या, आणि चहाचा कप माझ्या बाजूला सरकवला.